डार्विनच्या खिडकीतले ऑर्किड

तीन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला सूनबाईने एक ऑर्किड आणून दिले. फॅलेनॉप्सिस जातीचे, एका लांब दांड्यावर पांढरीशुभ्र सात फुले, जणू फुलपाखरांची रांगच. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसापाशी वेळ भरपूर आणि हाताला सवय नियमितपणाची. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या कुंडीत तांब्याभर पाणी घालू लागलो. महिनाभरात पाने पिवळी पडली, बुंधा मऊ झाला आणि एके दिवशी झाड हातात आले. मुळे पार कुजली होती.

नर्सरीतल्या बाईंनी माझी चूक समजावून दिली. हे झाड मातीतले नव्हे, रानात ते दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसते. पण बांडगुळासारखे ते फांदीतला रस पीत नाही, फक्त तिचा आधार घेते. त्याची मुळे हवेत असतात. पावसाची सर येते, मुळे भिजतात आणि वाऱ्याने पुन्हा सुकतात. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. म्हणून कुंडीत माती घालायची नाही, झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा घालायचा. पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही भरपूर घालून पूर्ण निथळू द्यायचे. मुळे हिरवी दिसली तर तहान नाही, चंदेरी-करडी दिसली तर पाणी द्यायचे. उजेड हवा, पण दुपारचे ऊन नको. आणि हवा खेळती हवी. मी झाडाला मायेने बुडवले होते.

दुसरे झाड आणले आणि या वनस्पतीविषयी मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता ज्या माणसापाशी येऊन पोहोचलो, त्याची तिथे गाठ पडेल असे मला वाटले नव्हते. चार्ल्स डार्विन. शाळेच्या पुस्तकातला तो पांढऱ्या दाढीचा, माकडापासून माणूस झाला असे म्हणणारा म्हणून आपल्याला ठाऊक असलेला गृहस्थ. आयुष्याची मोलाची वर्षे त्याने ऑर्किडच्या फुलांत घालवली आणि त्यांच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. का लिहिले, याचा शोध घेताना मला शास्त्रज्ञाच्या मागे उभा असलेला एक बाप दिसला.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूसबरी गावचा. वडील रॉबर्ट हे नावाजलेले डॉक्टर. आई सुझाना ही चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचा असताना ती गेली. पुढे मुलाला वैद्यकी शिकायला एडिंबरोला धाडले, तिथे त्याचे मन लागले नाही. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून केंब्रिजला पाठवले. तिथून बाहेर पडतो न पडतो तोच ‘बीगल’ नावाच्या जहाजावरून जगप्रवासाला जायची संधी चालून आली. वडिलांनी साफ नकार दिला. तेव्हा मध्यस्थी केली ती मामाने, म्हणजे आईचा भाऊ जोसाया वेजवुड याने. मामाच्या शब्दाखातर वडील राजी झाले. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले आणि ऑक्टोबर १८३६ मध्ये, जवळजवळ पाच वर्षांनी, परत आले. मामाने रदबदली केली नसती तर विज्ञानाचा इतिहास वेगळा झाला असता.

याच मामाची धाकटी मुलगी एमा. २९ जानेवारी १८३९ रोजी चार्ल्सने तिच्याशी लग्न केले. त्याच्या आधी दीड वर्ष चार्ल्सची बहीण कॅरोलाइन मामाच्या मुलाला दिलेली होती. म्हणजे आपल्या भाषेत साटेलोटेच. मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्याकडच्या कित्येक समाजांत मामाची मुलगी ही हक्काची बायको. घरातली मुलगी घरात राहते, जमीनजुमला बाहेर जात नाही, सासू ही आत्याच असल्यामुळे जाच होत नाही, असा त्यामागचा हिशेब. वेजवुड-डार्विन मंडळींचा हिशेबही फारसा निराळा नसावा.

संसार सुखाचा झाला. १८४२च्या सप्टेंबरात दोघे लंडन सोडून केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात राहायला गेले. डार्विनची प्रकृती कायमची नाजूक. उलट्या, डोकेदुखी, थकवा. दिवसातून काही तासच काम व्हायचे. पण माणूस पक्का टिपणे ठेवणारा. लग्नापासून त्याने घरखर्चाचा जमाखर्च मांडून ठेवलेला आहे. रात्री नवराबायको सोंगट्यांचा बॅकगॅमन हा खेळ खेळत, त्याचाही हिशेब. १८७६च्या सुरुवातीला तो आकडा होता : नवऱ्याचे २७९५ डाव, बायकोचे २४९०. मी उभा जन्म खातेवह्या तपासण्यात घालवला, त्यामुळे हे आकडे वाचताना मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला.

या नीटनेटक्या वहीत काही नोंदी मात्र जीव कासावीस करणाऱ्या आहेत. दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. डाउनला आल्यावर जन्मलेली मेरी तीन आठवड्यांतच गेली. १८५१च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांची ॲनी गेली. ती बापाची सर्वांत लाडकी होती. तिला जलोपचारासाठी माल्व्हर्नला नेले होते. एमाचे दिवस भरत आलेले, म्हणून तिला घरीच थांबावे लागले. शेवटचे दिवस डार्विन मुलीच्या उशाशी बसून होता. १८५८च्या जूनमध्ये दीड वर्षाचा चार्ल्स लोहितांग ज्वराने गेला. नंतर तीनच दिवसांत, १ जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा उत्क्रांतीवरचा जगप्रसिद्ध निबंध वाचला गेला. तो ऐकायला डार्विन हजर नव्हता. त्या दिवशी गावातल्या दफनभूमीत तान्ह्या मुलाला पुरले जात होते.

जी जगली त्यांच्याही तब्येतीची काळजी संपत नव्हती. आणि या काळजीच्या तळाशी एक प्रश्न होता. जवळच्या नात्यात पैदास केली की वंश दुबळा होतो, असे गुरे-कबुतरे पाळणारे सांगत. डार्विन स्वतः कबुतरे पाळून होता, अशा लोकांशी त्याचा रोजचा पत्रव्यवहार होता. मग मामेबहिणीशी लग्न करून आपण आपल्या मुलांच्या वाट्याला हेच तर दिले नाही ना? एमाच्या तोंडावर हा प्रश्न कोणता नवरा विचारील? तो फुलांना मात्र विचारता येण्यासारखा होता.

नोव्हेंबर १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले आणि वादळ उठले. डार्विन मात्र १८६०च्या उन्हाळ्यात गावाजवळच्या एका उतारावर रमला होता. तिथे रानटी ऑर्किडे उगवत. घरातली मंडळी त्या जागेला ऑर्किस बँक म्हणत. (बँक या शब्दाने माझे कान टवकारले, पण ही बँक म्हणजे नुसता उतार!) थोरली मुलगी हेन्रिएटा त्या वर्षी तापाने अंथरुणाला खिळली होती. पुढच्या वर्षी तिला हवापालटासाठी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी नेले. जुलै-ऑगस्ट तिथेच गेले. आजारी मुलगी एकीकडे आणि ऑर्किडची फुले दुसरीकडे, असा तो मुक्काम.

त्याला काय दिसले ते थोडक्यात सांगतो. ऑर्किडच्या फुलात पराग पावडरीसारखा सुटा नसतो, त्याचे देठ असलेले दोन इवले गोळे असतात. परागाला जिथे पोहोचायचे ती कुक्षी त्यांच्या अगदी लगत, केसभर अंतरावर. तरीही बहुतेक ऑर्किडांत फुलाचा पराग त्याच फुलाला मिळत नाही. डार्विनने टोकदार पेन्सिल फुलात घातली आणि बाहेर काढली. गोळे पेन्सिलीला चिकटून, ताठ उभे. मग अर्ध्या मिनिटात ते आपोआप पुढे वाकले. मधमाशीला एका फुलावरून दुसऱ्यावर जायला साधारण तेवढाच वेळ लागत असावा. आता तीच पेन्सिल दुसऱ्या फुलात घातली की गोळे नेमके कुक्षीवर टेकतात. पहिल्याच फुलात ताबडतोब परत घातली तर टेकत नाहीत. त्याने एका रोपावर काचेची हंडी उपडी घातली, शेजारची तीन उघडी ठेवली. उघड्या रोपांचा पराग किडे घेऊन गेले, हंडीखालचा जिथल्या तिथे राहिला. स्वतःचे स्वतःला मिळू नये आणि दूरच्याचे मिळावे, यासाठी एवढा खटाटोप. काही ऑर्किडे, उदाहरणार्थ मधमाशीसारखे दिसणारे बी ऑर्किड, स्वतःच्याच परागावर भागवतात. त्यांनी डार्विनला फार सतावले. नियम मोडणारे उदाहरणही त्याने लपवले नाही.

परदेशी ऑर्किडे त्याच्या घरी खोक्यांतून येऊ लागली. त्या काळी इंग्लंडमधल्या धनवंतांना या फुलांचे वेड लागले होते. लेडी डोरोथी नेव्हिल, चेल्सीतले व्हिच हे रोपवाटिकावाले, जेम्स बेटमन हे हौशी संग्राहक, सगळे त्याला फुले पाठवत. अभ्यासिकेच्या खिडकीत बसून तो ती उघडून पाहायचा. कॅटासेटम नावाच्या ऑर्किडमध्ये दोन मिशा असतात. डार्विनने फूल खिडकीपासून वारभर लांब धरून मिशीला स्पर्श केला मात्र, परागाचा गोळा गोफणीतून सुटावा तसा उडाला आणि काचेवर जाऊन चिकटला. हा प्रकार ऐकून त्याचा मित्र हक्सलीसुद्धा साशंक झाला होता.

१८६२च्या जानेवारीत बेटमनने पाठवलेल्या खोक्यात मादागास्करचे एक ऑर्किड निघाले. मेणासारखे पांढरे चांदणीच्या आकाराचे फूल आणि त्याच्या मागे साडेअकरा इंच लांबीची नळी. मध फक्त तळाच्या दीड इंचात. डार्विनने सरळ अनुमान काढले, की मादागास्करात दहा-अकरा इंच सोंड असलेला पतंग असलाच पाहिजे. काही कीटकतज्ज्ञांनी त्याची थट्टा केली. १८६७ मध्ये वॉलेसने त्याची बाजू उचलून धरली. १९०३ मध्ये तसा पतंग शास्त्रज्ञांनी नोंदवला. तेव्हा डार्विनला जाऊन २१ वर्षे झाली होती.

हे पुस्तक १५ मे १८६२ रोजी बाहेर पडले. त्याच्या शेवटी, फुलांविषयी सांगून झाल्यावर, डार्विनने हळूच एक सूचना केली आहे, की जवळच्या नात्यातले विवाहही काही प्रमाणात अपायकारक असण्याचा संभव आहे. फुलांच्या पुस्तकात माणसांचा विवाह! स्वतःच्या घराचे नाव न घेता त्याने तो प्रश्न जगापुढे ठेवला. पुढच्याच महिन्यात बारा वर्षांच्या लिओनार्डला लोहितांग ज्वर झाला आणि घर पुन्हा रात्री जागू लागले. सुदैवाने तो वाचला.

डार्विनकडे तोवर उष्ण प्रदेशातली झाडे जगवण्याजोगे घर नव्हते. १८६३च्या फेब्रुवारीत त्याने ऊबदार काचघर बांधून घेतले. देखरेख केली ती शेजारच्या टर्नबुल यांच्या हॉरवुड नावाच्या माळ्याने. क्यू उद्यानातून परममित्र जोसेफ हूकरने गाडीभर झाडे पाठवली. त्या झाडांना पाहून डार्विनला लहान मुलासारखा आनंद झाला. हूकर हा आपल्याकडच्या सिक्कीम आणि खासी टेकड्यांत हिंडून आलेला. खासीमध्ये त्याने निळ्या वांडा ऑर्किडची सात हमालांची ओझी गोळा केली होती, पण इंग्लंडला पोहोचेपर्यंत फारच थोडी जगली. जी पोहोचत त्यांचीही गत बरी नसे. ऑर्किडे उष्ण जंगलातली म्हणून त्यांना बंद, वाफाळलेल्या, कोंदट काचघरांत ठेवत आणि ती हजारोंनी मरत. खरे तर त्यांतली कित्येक थंड डोंगरांवरची होती. हवा खेळती ठेवावी, ज्याला त्याला त्याच्या गावचे हवामान द्यावे, हे चॅट्सवर्थच्या पॅक्स्टनसारख्या माळ्यांना उमगले तेव्हा कुठे झाडे तगू लागली. माझ्या तांब्याभर पाण्याची चूक अशी बरीच जुनी आहे.

एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातला जॉन स्कॉट नावाचा तरुण माळी याच सुमारास डार्विनला पत्रे लिहू लागला. काही ऑर्किडे स्वतःच्या परागाने अजिबात बी धरत नाहीत, दुसऱ्या झाडाच्या परागाने धरतात, असे त्याने प्रयोगांनी दाखवले होते. वरिष्ठांशी त्याचे पटेना. तेव्हा डार्विनने पदरचे पैसे देऊन त्याला १८६४ मध्ये हिंदुस्थानात पाठवले. पुढे तो कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात नावारूपाला आला.

आता डार्विनने फुलांची साक्ष आकड्यांत काढायचे ठरवले. अकरा वर्षे तो प्रयोग करत होता. एकाच कुंडीच्या एका बाजूला स्वतःच्याच परागाने धरलेले बी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या झाडाच्या परागाने धरलेले. माती एक, पाणी एक, उजेड एक. बिया उगवून यायला काही पेले तर अभ्यासिकेतल्या शेकोटीच्या कट्ट्यावरच ठेवलेले असत. गारवेलीच्या जातीतल्या एका वेलीच्या दहा पिढ्या त्याने मोजल्या. दूरच्या संबंधातल्या वेलींची उंची १०० धरली तर स्वतःच्याच परागावर वाढलेल्यांची सरासरी ७७ भरली. १८७६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. फुलांपुरता हिशेब जुळला.

माणसांचा हिशेब जुळवायचाही त्याने प्रयत्न केला. १८७१च्या शिरगणतीत चुलत-मामे भावंडांच्या लग्नांविषयी एक प्रश्न घालावा, अशी खटपट त्याने खासदार मित्र लबक यांच्यामार्फत केली. पार्लमेंटने ती फेटाळली. कित्येक खानदानी घरांना तो प्रश्न नकोसा वाटला असणार. मग त्याचा मुलगा जॉर्ज, जो लहानपणी वडिलांसाठी ऑर्किडवर येणारे किडे टिपत बसायचा, त्याने जमेल तेवढी माहिती गोळा करून १८७५ मध्ये निष्कर्ष काढला, की अपाय असला तरी फार थोडा. बापाला त्याने किती दिलासा मिळाला असेल! त्याची सात मुले मोठी झाली. त्यांतले जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस हे तिघे रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हेन्रिएटासह तिघांची लग्ने होऊनही त्यांना मूलबाळ झाले नाही.

आजचे शास्त्र काय सांगते? सख्ख्या मामे-आते किंवा चुलत भावंडांच्या लग्नात मुलाला जन्मजात व्याधी असण्याचा धोका साधारण दुप्पट, म्हणजे दोन-तीन टक्क्यांवरून चार ते सहा टक्क्यांपर्यंत जातो. बहुतेक मुले धडधाकटच जन्मतात, पण पिढ्यान् पिढ्या तसेच चालले तर धोका साठत जातो. २०१० मध्ये डार्विन-वेजवुड घराण्यातल्या चार पिढ्यांतील २५ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाते जितके जवळचे तितके बालमृत्यू अधिक, असा संबंध त्यात दिसला. ॲनीला बहुधा क्षय झाला होता, धाकट्या चार्ल्सला ज्वराने नेले. या दोघांच्या बाबतीत रक्ताच्या नात्याचा वाटा किती हे छातीठोकपणे सांगणे शक्य नाही. तेव्हा डार्विनची शंका निराधार नव्हती, आणि त्याने स्वतःला जितका दोष दिला तितका दोष त्याचा नव्हताही.

एक कोडे त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. त्याने एका रानटी ऑर्किडच्या एका बोंडातल्या बिया मोजून काढल्या होत्या. सहा हजारांहून अधिक. सगळ्या उगवल्या तर त्या एका झाडाची पणतवंडे पृथ्वीवरची बहुतेक सारी जमीन झाकतील, असा त्याचा हिशेब. मग त्या उगवत का नाहीत? त्याने शेवाळावर पेरून पाहिल्या. कोवळ्या वयात त्यांना दुसऱ्या कोणत्या तरी क्षुद्र वनस्पतीवर जगावे लागत असेल, असा त्याला संशय होता. १८९९ मध्ये नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने उत्तर शोधले : ऑर्किडच्या धुळीएवढ्या बियांत शिदोरीच नसते, एका बुरशीने भरवल्याशिवाय त्या रुजत नाहीत. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुइस नडसनने बुरशीऐवजी काचेच्या बाटलीत साखरेचे पाणी देऊन त्या रुजवल्या. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी एका कोंबापासून शेकडो रोपे करायची रीत दाखवली. एके काळी सरदारांच्या काचघरात असलेले हे फूल माझ्यासारख्या पेन्शनरच्या खिडकीत आले ते या तिघांमुळे.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन डाउनच्या घरी गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरले. ते घर आज लोकांसाठी खुले आहे आणि काचघरात पुन्हा ऑर्किडे लावली आहेत.

माझ्या दुसऱ्या झाडाला आता दोन वर्षे होतील. पूर्वेच्या खिडकीत, पातळ पडद्याआड ते असते. पहिला बहर गळल्यावर मी त्याचा हिरवा दांडा कापला नाही. या हिवाळ्यात रात्री गार झाल्या आणि त्याच दांड्याच्या पेऱ्यातून एक नवा फाटा फुटला. नातवाने त्यावरच्या कळ्या मोजल्या, पाच आहेत. रोज सकाळी हात तांब्याकडे जातो. मी आधी मुळांचा रंग पाहतो, आणि बहुतेक दिवशी तांब्या परत ठेवतो.